दिवाळीच्या तोंडावर आलेला नवा प्रोसेसर आणि समोर लग्नसराई : एका स्टुडिओच्या डेस्कटॉप खरेदीचं प्रकरण

हे प्रकरण सांगलीतल्या एका छोट्या व्हिडिओ स्टुडिओचं आहे. नवरा-बायको दोघं मिळून चालवतात, नवरा शूट करतो आणि बायको एडिट करते, लग्नं, साखरपुडे, बारशी, प्री-वेडिंग आणि मधूनच एखाद्या कारखान्याच्या वार्षिक सभेचा व्हिडिओ. त्यांची मशीनं जोडून देणं आणि सांभाळणं हे माझं काम. एडिट करणाऱ्या बाईंना मी ताई म्हणतो, त्या मला दादा म्हणतात, आमच्यात वयाने मोठं कोण हे अजून कुणी विचारलेलं नाही.

वेळ होती ऑक्टोबर २०२४. ताईंना नवीन डेस्कटॉप हवा होता आणि तो तुळशीची लग्नं लागायच्या आत चालू व्हायला हवा होता. त्याच महिन्यात २४ तारखेला इंटेलची प्रोसेसरची अगदी नवी कोअर अल्ट्रा २०० मालिका बाजारात आली, आणि त्यामुळे आधीच्या पिढीच्या आय९-१४९००के या प्रोसेसरवर दिवाळीच्या ऑफर लागल्या. म्हणजे एका बाजूला नुकतंच निघालेलं, कुणी वापरून न बघितलेलं मशीन, आणि दुसऱ्या बाजूला वर्षभर बाजारात मुरलेलं, स्वस्त झालेलं. एरवी उत्तर सोपं असतं, नवीन निघालेल्याच्या पहिल्या लॉटच्या नादी लागू नये, सहा महिने जाऊ द्यावेत. पण यावेळी गंमत अशी होती की मुरलेलं जे होतं तेच बदनाम झालेलं होतं.

ताईंची अट त्यांच्याच शब्दात सांगतो. "दादा, नवीन निघालंय म्हणून घेऊ नका आणि स्वस्त झालंय म्हणून पण घेऊ नका. सीझनमध्ये मशीन बसलं तर पार्टीला काय तोंड दाखवू मी? पैसे थोडे जास्त गेले तर चालतील, तारीख चुकलेली चालणार नाही."

आता नवीन मशीन लागलंच का, तर कॅमेरा बदलला म्हणून. नवा कॅमेरा एच.२६५ मध्ये (व्हिडिओ दाबून छोटा करायची पद्धत), १० बिट, ४:२:२ कलरमध्ये, म्हणजे रंगाची माहिती जास्त ठेवून, फोरके शूट करतो. रंग छान येतात, हळदीचा पिवळा फाटत नाही, ग्रेडिंगला वाव राहतो, पण ही फाइल उघडून दाखवताना प्रोसेसरची दमछाक होते. जुन्या मशीनमध्ये आय७-८७०० आहे, त्याच्यातलं ग्राफिक्स एच.२६५ चं १० बिट ४:२:० पर्यंत हार्डवेअरमध्ये उघडतं पण ४:२:२ नाही, इंटेलच्या डेस्कटॉप चिपमध्ये ती सोय ११ व्या पिढीपासून आली. परिणामी टाइमलाइनवर प्ले दाबलं की चित्र अडखळत चालायचं आणि आवाज पुढे पळायचा, मग रात्रभर प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरत्या हलक्या नकला, बनवत बसायचं. त्या काळातली एनव्हिडियाची ग्राफिक्स कार्डं, म्हणजे आरटीएक्स ४० पर्यंतची, तीही एच.२६५ चं ४:२:२ हार्डवेअरमध्ये उघडत नव्हती, आणि एएमडीच्या प्रोसेसरमधलं ग्राफिक्सही नाही. त्यामुळे "इंटेलचा एवढा घोळ झालाय तर एएमडीचा रायझन घ्या की" हा जो सल्ला त्या वर्षी जो तो देत होता तो गेमिंगवाल्याला बरोबर होता, ताईंच्या कामाला नव्हता. रायझन ९९५०एक्स तसा उत्तम चिप, ऑगस्ट २०२४ मध्ये आला, आणि येण्याआधी एएमडीने स्वतःच तो थोडा लांबवला होता कारण दुकानदारांकडे पाठवलेला पहिला माल त्यांच्या कसोटीला पूर्ण उतरला नव्हता. माझ्या मते ही चांगली खूण होती, माल परत बोलावणारी कंपनी गिऱ्हाइकावर प्रयोग करणाऱ्या कंपनीपेक्षा कधीही बरी. पण तो घेतला असता तर प्रॉक्सी परत आल्याच, म्हणून तो पर्याय तिथेच संपला.

राहिले दोन. १४९००के की नवीन कोअर अल्ट्रा.

आधी १४९००के चं काय झालं होतं ते नीट सांगायला पाहिजे, कारण "इंटेलचे प्रोसेसर खराब निघतात" एवढंच सगळ्यांच्या कानावर आलेलं होतं आणि एवढ्यावरून काही ठरवता येत नाही. १३ वी पिढी आली ऑक्टोबर २०२२ मध्ये, १४ वी ऑक्टोबर २०२३ मध्ये, आणि १४ वी म्हणजे फारसं नवीन काही नव्हतंच, तेच डिझाइन थोडं जास्त पळवलेलं. म्हणजे १४९००के घेणारा माणूस स्वतःच्या मनाने अगदी सावध खरेदी करत होता, पहिला लॉट नाही, नवीन डिझाइन नाही, वर्षभर लोकांनी वापरलेली गोष्ट. आणि तोच अडकला. २०२४ च्या सुरुवातीपासून तक्रारी वाढायला लागल्या, गेम उघडताना "व्हिडिओ मेमरी संपली" असा एरर यायचा, लोक ग्राफिक्स कार्ड बदलायचे, कार्ड बदलूनही एरर तसाच. शेवटी एनव्हिडियानेच सांगितलं की १३ व्या-१४ व्या पिढीचा प्रोसेसर असेल तर आधी इंटेलकडे बघा. गेमचा डेटा उघडणारी सॉफ्टवेअर लायब्ररी बनवणाऱ्यांनीही हेच म्हटलं, की डेटा उलगडताना चुका येताहेत आणि त्या आमच्या कोडमधल्या नाहीत.

मग सुरू झाली टोलवाटोलवी. आधी ठपका मदरबोर्डवर आला, आणि तो अगदीच खोटा नव्हता. बोर्ड बनवणाऱ्या कंपन्या बेंचमार्कमध्ये पुढे दिसावं म्हणून पॉवरची मर्यादा जवळपास काढूनच टाकायच्या, बायोसमध्ये (मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा बोर्डाचा प्रोग्राम) गेलात तर मर्यादेच्या जागी ४०९६ वॉट असा आकडा, म्हणजे मर्यादा नाहीच, जिथे इंटेलची स्वतःची मर्यादा २५३ वॉट आहे. एप्रिल २०२४ पासून बोर्डवाल्यांनी सौम्य सेटिंगचे बायोस काढले आणि सगळ्यांना वाटलं संपलं प्रकरण. संपलं नाही. जुलैमध्ये असं बाहेर आलं की गेम सर्व्हरसाठी वापरलेल्या, वर्कस्टेशन दर्जाच्या बोर्डांवरही हे चिप बिघडताहेत, जिथे ओव्हरक्लॉक म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवणं वगैरे भानगडच नसते. मग २२ जुलैला इंटेलने मान्य केलं की मायक्रोकोड, म्हणजे चिपच्या आतला छोटा प्रोग्राम, चुकीची, गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागतो आहे. ऑगस्टमध्ये १.५५ व्होल्टच्या वरची मागणी रोखणारा ०एक्स१२९ मायक्रोकोड आला, २५ सप्टेंबरला मूळ कारण जाहीर झालं आणि ०एक्स१२बी मायक्रोकोड आला.

मूळ कारण असं निघालं की कोअरच्या आत घड्याळाचा ठोका सगळीकडे पोचवणारी जी सर्किटं असतात ती जास्त व्होल्टेज आणि जास्त तापमानात झिजत होती. ढोल-ताशा पथकात टोल देणारा दमला आणि त्याचा ठोका कधी लांब कधी आखूड पडायला लागला की सगळे ढोल जागेवर असूनही पथक फाटतं, तसंच. गणित करणारा भाग धडधाकट, पण ठोका वाकडा म्हणून उत्तर मधूनच चुकतं.

आणि यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. व्होल्टेज सगळ्यात जास्त कधी लागतं? सगळे कोअर राबताना नाही. १४९००के एक-दोन कोअर ६ गिगाहर्ट्झपर्यंत नेतो, ते हलक्या कामात, ब्राउझर उघडा, फोल्डर उघडा, मशीन नुसतं बसलेलं असताना मध्येच काहीतरी जागं होतं तेव्हा. ०एक्स१२बी मध्ये जे दुरुस्त केलं ते नेमकं रिकाम्या आणि हलक्या कामातल्या व्होल्टेजचंच. म्हणजे दुकानात तासभर सगळे कोअर पळवून "बघा, लोड टेस्ट पास" म्हणणाऱ्याचं सर्टिफिकेट या बिघाडापुरतं कागदाच्या किमतीचंही नव्हतं. चिप झिजायला महिने लागतात, आणि झिजलेला आधी सापडतो तो फाइल उलगडताना, कारण तिथे एक बिट चुकला तरी सीआरसी, म्हणजे फाइल शाबूत आहे का ते तपासणारा आकडा, जुळत नाही. ग्राफिक्सचा ड्रायव्हर इन्स्टॉल होत नाही, झिप उघडत नाही, आणि आपण पेन ड्राइव्हला शिव्या घालतो.

आता "पहिला लॉट नको" ही म्हण कुठून आली तेही बघा. जानेवारी २०११ मध्ये इंटेलची सँडी ब्रिज पिढी आली आणि ३१ जानेवारीलाच कंपनीने चिपसेटची विक्री थांबवली, हार्ड डिस्क जोडायच्या सहा साटा पोर्टपैकी चार पोर्ट काळानुसार मंदावू शकतात म्हणून. एका ट्रान्झिस्टरचा दोष. दुरुस्ती आणि बदलीचा खर्च ७० कोटी डॉलर धरला होता. त्यानंतर बरेच दिवस लोक बोर्डाच्या डब्यावर बी३, म्हणजे दुरुस्त आवृत्ती, लिहिलंय का बघून घ्यायचे. तिथे थांबलेला शहाणा ठरला, तीन-चार महिने थांबला की दोष नसलेला माल हातात. आमच्या लाइनमधल्या लोकांच्या डोक्यात तोच हिशोब बसला आहे. १४९००के ने तो उलटा केला, इथे थांबणाऱ्याला काहीच फायदा झाला नाही, कारण दोष लॉटमध्ये नव्हता, वापरात होता, रोज थोडा थोडा. (१३ व्या पिढीच्या सुरुवातीच्या काही मालात ऑक्सिडेशनचा म्हणजे खराखुरा कारखान्यातला दोषही होता, तो २०२३ मध्ये सुधारला असं इंटेलने सांगितलं, पण तो वेगळा विषय, लोक दोन्ही एकत्र करून घोळ घालतात.)

म्हणून मी ताईंसमोर प्रश्नच बदलून मांडला. नवीन की जुनं हे सोडून द्या. बिघडलंच तर कशा पद्धतीने बिघडेल? अपडेट टाकला की सुटेल, की चिप काढून कंपनीला पाठवावा लागेल? आणि तो बिघाड तुमच्या कामात येतो का, की फक्त गेम खेळणाऱ्याच्या?

१४९००के ची बाजू घ्यायची तर पुष्कळ होतं बोलण्यासारखं. कारण सापडलेलं, औषध आलेलं, आणि डबाबंद प्रोसेसरची वॉरंटी इंटेलने दोन वर्षं वाढवून पाच वर्षं केलेली. पहिल्या दिवसापासून नवीन बायोसवर चालवला तर तो टिकण्याचीच शक्यता जास्त. अमेरिकेत वर्कस्टेशन बनवून विकणाऱ्या प्युजेट सिस्टिम्सने ऑगस्टमध्ये स्वतःचे आकडे दिले होते, बोर्डाच्या डिफॉल्टवर विश्वास न ठेवता ते आधीपासून सौम्य सेटिंग करतात आणि त्यांच्याकडे १३ व्या-१४ व्या पिढीच्या बिघाडाचं प्रमाण लोक ओरडत होते तेवढं मुळीच नव्हतं, त्यांच्याकडे ११ वी पिढी त्याहून वाईट निघाली होती. हे वाचून मला बरं वाटलं, कारण मीही मशीन दिल्यावर बायोसमध्ये जाऊन सगळे "बूस्ट" बंद करणाऱ्यातला आहे आणि पोरं त्याबद्दल माझी चेष्टा करतात.

पण औषध येऊन जेमतेम महिना झालेला. महिन्यांनी कळणाऱ्या आजाराचं औषध महिन्याभरात सिद्ध कसं होणार? आणि झिजलेला चिप मायक्रोकोडने बरा होत नाही, फक्त पुढची झीज थांबते, हे इंटेलनेच सांगितलेलं. त्यात वॉरंटी कितीही वर्षांची असली तरी ती पैसे भरून देते, लग्नाची तारीख नाही. चिप काढायचा, पाठवायचा, बदली यायची वाट बघायची, तोवर मांडव उठलेला असतो.

नवीन कोअर अल्ट्राची बाजू वेगळी. त्याच्याबद्दल तक्रारी पहिल्याच दिवशी आल्या होत्या आणि भरपूर आल्या होत्या, पण कसल्या? गेममध्ये आधीच्या पिढीपेक्षा मागे पडतो. काही गेमच्या चीटिंग पकडणाऱ्या सॉफ्टवेअरशी आणि नव्या विंडोजशी मिळून निळा स्क्रीन येतो. वेगवेगळ्या परीक्षणात वेगवेगळे आकडे येतात. बायोस कच्चे आहेत. यातलं ताईंच्या कामाला भिडणारं काय, तर कच्चे बायोस आणि विंडोज. बाकी डिझाइन संपूर्ण नवीन, मुख्य भाग तैवानच्या टीएसएमसी कंपनीच्या कारखान्यातला, हायपर-थ्रेडिंग (एका कोअरकडून एकावेळी दोन कामं करून घ्यायची सोय) काढून टाकलेलं, आणि तो जुना व्होल्टेजचा दोष या मालिकेत नाही असं कंपनीने स्पष्ट सांगितलेलं. कंपनीच्या सांगण्यावर किती जायचं हा प्रश्न आहेच. पण एवढं तर नक्की की नुकतेच हात पोळलेल्या लोकांनी बनवलेला व्होल्टेजचा कोड होता तो.

मी सुचवला कोअर अल्ट्रा ७ २६५के, वरचा ९ २८५के नाही. २० कोअर, ४:२:२ उघडणारं तेच मीडिया इंजिन, आणि सगळ्यात वरचं मॉडेल नेहमी शेवटच्या टोकापर्यंत ताणलेलं असतं, त्याच्या खालचं जरा सैल असतं. १३ व्या-१४ व्या पिढीतही सगळ्यात जास्त बोंब आय९ चीच होती. लग्नाच्या एडिटिंगमध्ये दोघांतला फरक ताईंना घड्याळ लावून बसल्याशिवाय कळलाही नसता.

हे सगळं ठरत असतानाच दुकानाचा किस्सा झाला. गावातल्या एका दुकानात १४९००के चं जोडलेलं मशीन काउंटरवर ठेवलेलं होतं, काचेची केबिनेट, आत दिवे, डेमोसाठी. दुकानदार म्हणाला हेच घेऊन जा, दिवाळी आहे, भाव तोडून देतो, आणि तुमचं जुनं मशीन एक्स्चेंजमध्ये घेतो. भाव खरंच मोहात पाडणारा होता. मी कीबोर्ड ओढून बायोस उघडला. तारीख २०२३ ची. पॉवर लिमिट ४०९६. म्हणजे ते मशीन वर्षभर, तेही बहुतेक वेळ नुसतं बसून, डेस्कटॉपचं चित्र दाखवत, बेलगाम व्होल्टेजवर चाललेलं. जो प्रकार चिपला सगळ्यात वाईट तोच त्याने सगळ्यात जास्त केलेला. दुकानदाराला यातलं काही माहीत नव्हतं आणि फसवायचा हेतूही नसावा, तो म्हणाला "अहो एकदा पण हँग झालं नाही." खरंही असेल. ताईंनी माझ्याकडे बघितलं, मी मानेनेच नाही म्हटलं, आणि त्यांनी "घरी विचारून सांगते" म्हणून विषय संपवला, स्टुडिओच्या मालकीण स्वतः असून.

जुन्या मशीनच्या एक्स्चेंजला तर मी आधीच नाही म्हटलं होतं. नवीन निघालेलं मशीन घेताना सगळ्यात मोठा विमा म्हणजे चालू असलेलं जुनं मशीन. आय७-८७०० ला ४:२:२ झेपत नसलं तरी प्रॉक्सीवर तो रात्र काढून काम देतो, तारीख वाचते. एक्स्चेंजचे जे चार पैसे सुटतात ते यापुढे काहीच नाहीत.

प्रोसेसर आणि त्याला लागणारा झेड८९० मदरबोर्ड सांगलीत मिळायचा प्रश्नच नव्हता, पुण्याहून मागवले. एकाच दुकानातून, जीएसटीच्या बिलावर प्रत्येक वस्तूचा सिरीयल नंबर लिहून, आणि प्रोसेसर डबाबंदच, ट्रेमधला नाही. ट्रेमधला थोडा स्वस्त पडतो पण त्याची वॉरंटी विकणाऱ्याच्या हातात असते, आणि विकणारा पुढच्या वर्षी दुकानात असेल का ते आपल्या हातात नसतं.

भाऊबीज झाली आणि जोडणीला बसलो. पहिलं काम प्रोसेसर बसवायच्या आधीच. नुसता बोर्ड पुठ्ठ्यावर ठेवला, पॉवर सप्लायची वायर जोडली, बोर्डाच्या वेबसाइटवरून सगळ्यात नवा बायोस फॅट३२ पेन ड्राइव्हवर घेतला, फाइलला बोर्डाला हवं तेच नाव दिलं, मागच्या ठरलेल्या यूएसबी पोर्टात घातला आणि शेजारचं छोटं बटण दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरलं. मग हात बांधून बसायचं, दिवा विझेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही, घरातल्या कुणी मिक्सर लावला तरी जीव वर-खाली होतो म्हणून हे काम मी यूपीएसवरच करतो. दिवा विझला मग प्रोसेसर बसवला. कारखान्यातून आलेल्या बायोसवर एक मिनिटही चालवायचा नाही, हा धडा १४९००के वाल्यांनी सगळ्या जगाला शिकवलेला.

बायोसमध्ये इंटेलचं डिफॉल्ट प्रोफाइल आहे ना ते बघितलं, बोर्डाचं स्वतःचं एआय-फीआय बूस्टिंग बंद. याची कमाल मर्यादा २५० वॉट असते, मी त्याहून खाली आणली, सांगलीतल्या एप्रिलचा विचार करून. रॅम ३२-३२ च्या दोनच काड्या, चार नाहीत, कारण डीडीआर५ मध्ये चारही जागा भरल्या की वेग उतरतो आणि स्थिरतेची कटकट वाढते. एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने पळवायचं सेटिंग, बंद. जुनंच ग्राफिक्स कार्ड घातलं आणि प्रोसेसरमधलं ग्राफिक्सही चालू ठेवलं, ते बायोसमध्ये बंद राहिलं तर ज्यासाठी इंटेल घेतला तेच जातं, आणि हे इतक्या जणांच्या मशीनमध्ये बंद असतं की विचारू नका.

मग आली खरी गोची. त्याच ऑक्टोबरमध्ये विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती आली होती आणि एडिटिंगचं सॉफ्टवेअर प्रीमिअर प्रोचीही २०२५ ची आवृत्ती आली होती. प्रोसेसर नवा, विंडोज नवं, प्रीमिअर नवं. तिन्ही एकदम घातलं आणि काही अडलं तर दोष कुणाचा हे शोधायलाच सीझन संपेल. नवीन डेस्कटॉप "बेभरवशाचा निघाला" म्हणून माझ्याकडे जी मशीनं येतात त्यात निम्म्यांची गोष्ट हीच असते, उरलेल्यांत बऱ्याच जणांचं अर्थिंग. म्हणून प्रीमिअर जुनंच ठेवलं, तेही दोन्ही मशीनवर एकच आवृत्ती, कारण नव्या आवृत्तीत सेव्ह केलेला प्रोजेक्ट जुन्यात उघडत नाही आणि मग शेजारी उभं असलेलं जुनं मशीन नावालाच विमा उरतो. विंडोजचे अपडेट पाच आठवडे थांबवता येतात, ते थांबवले. ताई म्हणाल्या, "म्हणजे नवीन मशीन घेऊन सगळं जुनंच वापरायचं की." मी म्हटलं हो, थोडक्यात तसंच.

चाचणीत नुसती लोड टेस्ट नाही केली, कारण वर सांगितलं तेच. रॅम तपासणारी मेमटेस्ट रात्रभर. मग मागच्या सीझनच्या एका मोठ्या प्रोजेक्टच्या फोल्डरचं ७-झिपने आर्काइव्ह करायचं, परत उघडायचं, सीआरसी जुळतोय का बघायचं, हे मध्ये मध्ये मशीन थंड होऊ देऊन. मग खरं काम, नव्या कॅमेऱ्याचं फुटेज टाइमलाइनवर टाकून ताईंनीच हात चालवायचा, आणि त्यांच्या सवयीप्रमाणे मागे ब्राउझरमध्ये गाणी आणि व्हॉट्सॲप चालू ठेवूनच, उगाच स्वच्छ मशीनवर चाचणी घेऊन काय उपयोग. प्ले दाबल्यावर चित्र सलग चाललं तेव्हा त्यांनी तीच क्लिप परत परत पुढे-मागे ओढून बघितली, नवरीच्या शालूची जर होती त्यात, आणि एवढंच म्हणाल्या, "आता प्रॉक्सी नाही ना करायच्या?"

एक गोष्ट मात्र मी चाचणीच्या भरवशावर सोडली नाही. सीझनभर कॅमेऱ्याचं कार्ड दोन वेगळ्या ड्राइव्हवर उतरल्याशिवाय फॉरमॅट करायचं नाही, आणि प्रोजेक्टची ऑटोसेव्ह जुन्या मशीनच्या शेअर्ड फोल्डरमध्येही जायची. नव्या मशीनने मान टाकलीच तर त्या खुर्चीवरून उठून या खुर्चीवर बसायचं, एवढंच अंतर.

पुढे काय झालं ते सांगतो. १८ डिसेंबरला इंटेलने कोअर अल्ट्राच्या संथपणाची कारणं जाहीर केली, विंडोजचं पॉवर मॅनेजमेंटचं एक पॅकेज सुरुवातीला सुटलंच होतं, बायोसमध्ये काही सेटिंग चुकीची होती, आणि जानेवारीत नवा मायक्रोकोड आणि फर्मवेअर येईल असं सांगितलं. म्हणजे अंदाज होता तसंच, रोग सॉफ्टवेअरचा. पण ताईंचं मशीन तेव्हा व्यवस्थित काम करत होतं आणि चालत्या सीझनमध्ये बायोसला हात लावणार नाही हे मी स्पष्ट सांगितलं. पंचांग इथे फार उपयोगी पडतं, ३१ डिसेंबरला पौष लागला, लग्नं थांबली, आणि मग निवांत बायोस, फर्मवेअर, विंडोज असं एकेक करून, मध्ये काही काम करून बघत बदललं. एक्स्पोर्टमध्ये मोठा फरक पडला असं काही मला जाणवलं नाही, फरक मुख्यतः गेमसाठीच होता.

१४९००के नाकारला ते बरोबर होतं का, यावर माझ्या ओळखीतल्या दुसऱ्या एका असेंब्लरशी माझा अजून वाद आहे. त्याचं म्हणणं त्याच पैशात वरचं मॉडेल आलं असतं, वॉरंटी पाच वर्षं, आणि ०एक्स१२बी नंतर तक्रारी ओसरल्या. ते मान्य. पण मे २०२५ मध्ये इंटेलने त्याच दोषासाठी अजून एक मायक्रोकोड काढला, ०एक्स१२एफ, दिवसेंदिवस बंद न होता हलक्या कामात चालू राहणाऱ्या मशीनसाठी. ताईंचं मशीन सीझनमध्ये बंद कधी होतं? रात्री कॉपी चालू, पहाटे एक्स्पोर्ट चालू. तेव्हापासून तो जरा हळू आवाजात वाद घालतो.

एक गोष्ट मात्र आमच्या हिशोबात नव्हती. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाची आरटीएक्स ५० कार्डं आली आणि ती ४:२:२ हार्डवेअरमध्ये उघडतात. म्हणजे रायझन आणि नवं कार्ड ही जोडी, जी मी ऑक्टोबरमध्ये पहिल्या पाच मिनिटांत बाद केली होती, ती तीन महिन्यांत शर्यतीत आली असती. पण तीन महिने थांबायचं म्हणजे ती लग्नसराई प्रॉक्सीवर काढायची, ते ताईंना नको होतं.

फेब्रुवारीत ताईंनी त्या कार्डाबद्दल विचारलंच, जुनं कार्ड बदलून टाकायचं का म्हणून. त्याच महिन्यात एनव्हिडियाने कबूल केलं होतं की ५०९० आणि ५०७० टीआय च्या अर्ध्या टक्क्याहून कमी कार्डांत चित्र तयार करणारी काही युनिट कमी निघालीत, कारखान्यातला दोष, कार्ड बदलून मिळेल. हा सँडी ब्रिजच्या जातीचा दोष, इथे थांबणाऱ्याचा खरंच फायदा होतो, दोष असलेला माल परत जातो आणि नवीन येतो. शिवाय ४:२:२ चं काम २६५के करतोच आहे, घाई कसलीच नाही. मी म्हटलं आषाढी एकादशी होऊ दे, चातुर्मास लागला की बघू. त्या म्हणाल्या बरं, पण जुन्या मशीनच्या पंख्याचा आवाज वाढलाय, तेवढं आधी बघून जा.